खानापूर शाखेचं व्हीपीएन आणि सर्व्हरचं नाव : प्रकल्प नोंदी

७ जुलै २०२५, सोमवार

शनिवारी संध्याकाळी खानापूर शाखेची जुनी लाईन काढली आणि साधं फायबर इंटरनेट घेऊन त्यावर वायरगार्ड या प्रोग्रामचं व्हीपीएन, म्हणजे शाखा ते हेड ऑफिस इंटरनेटमधून जाणारा खाजगी बोगदा, चढवलं. काल आषाढी एकादशी, त्यात रविवार, म्हणजे खरी परीक्षा आज सकाळीच होणार होती. सव्वादहाला मॅनेजर साहेबांचा फोन. "सर, नेट चालू हाय, पण मुख्य उघडेना झालंय बघा."

मुख्य म्हणजे हेड ऑफिसच्या सर्व्हरचं नाव. आपल्या सोसायटीचं हेड ऑफिस बेळगावात शहापूरला आणि शाखा तीन, खानापूर, नंदगड, निपाणी. सगळ्यांच्या डेस्कटॉपवर याच नावाचा आयकॉन आहे, खातं उघडायचं असो नाहीतर पिग्मीची, म्हणजे रोजच्या छोट्या बचतीची, रक्कम चढवायची असो, सुरुवात तिथूनच.

कॅशियर मॅडमना फोनवरच काळी खिडकी उघडायला लावली. आधी नंबरला पिंग (मशीन ओ देतंय का बघायची हाक), १९२.१६८.१०.५, चारही उत्तरं आली, सोळा-सतरा मिलिसेकंद. मग नावाला पिंग, तर होस्ट सापडत नाही. इकडं राउटरवर बघितलं, शेवटचा हँडशेक, म्हणजे व्हीपीएनच्या दोन टोकांची एकमेकांना ओळख, एक मिनिट दहा सेकंदांपूर्वीचा. म्हणजे बोगदा शाबूत आहे, रस्ता आहे, फक्त नावाचा नंबर कोण सांगत नाहीय.

तात्पुरतं नंबरनं उघडा म्हटलं, कारण काउंटरवर लोक थांबलेले. मॅडम म्हणाल्या, नंबर आहेत की माझ्याकडं, चिठ्ठी लावलीय. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवला. मॉनिटरच्या खालच्या कडेला पिवळी पडलेली सेलोटेप, वहीचा फाडलेला कागद, निळ्या बॉलपेननं सहा ओळी. मुख्य सर्व्हर, बॅकअप, कॅमेऱ्याचा डबा, हेड ऑफिसचा प्रिंटर, हजेरीचं मशीन. सहावी ओळ छपराच्या गळतीनं फिसकटलीय, पुढं नुसतं "पि." एवढंच वाचता येतं आणि शेवटचा आकडा गेलाय.

ही चिठ्ठी बघून वाईट वाटलं. दिवसभर लोकांचे पैसे मोजणाऱ्या माणसानं आमच्या मशिनींचे नंबर का सांभाळायचे? आणि या महिन्यातच सर्व्हर बदलायचाय, नवीन मशीनला नवीन नंबर येणार, मग तिन्ही शाखांत पुन्हा नवीन चिठ्ठ्या. नाव चाललंच पाहिजे, असं आज ठरवलं.

प्रत्येक मशीनमध्ये नावं-नंबर लिहायची होस्ट फाईल असते, तिच्यात एकेक ओळ टाकली असती तर पाच मिनिटांत काम झालं असतं, पण मुद्दाम टाळलं. तीन शाखांत चौदा मशीन, नंबर बदलला की चौदा ठिकाणी जायचं, आणि एखादी ओळ विसरली तर ती गुपचूप जुना पत्ता देत राहते, नाव तपासायच्या एनएसलुकअप कमांडला दिसतसुद्धा नाही कारण ते होस्ट फाईल वाचतच नाही, थेट डीएनएस सर्व्हरला, म्हणजे नावाचा नंबर सांगणाऱ्या मशीनला, विचारतं. असा घोळ शोधायला अख्खा दिवस जातो.

८ जुलै, मंगळवार

पहिला प्रश्न, आधी नाव चालायचं कसं? रात्रभर हेच डोक्यात होतं. सकाळी हेड ऑफिसातल्या डीएनएसच्या याद्या उघडल्या तर मुख्य हे नाव कुठंच नाही! कधी नव्हतंच. जुनी लाईन अशी होती की खानापूरची मशीनं आणि इथली मशीनं एकाच नेटवर्कात, एकाच गल्लीत राहिल्यासारखी. विंडोज गल्लीत हाक मारायचं, मुख्य कोण रे, आणि सर्व्हर ओ द्यायचा. याला ब्रॉडकास्ट म्हणतात, विंडोजच्या नेटबायोस आणि एलएलएमएनआर या नाव शोधायच्या पद्धती याच जातीच्या (दुसरी मल्टिकास्ट वापरते, पण तीही गल्लीपुरतीच). पण आताचं व्हीपीएन म्हणजे राउटरनं जोडलेली दोन वेगळी नेटवर्क, खानापूरला १९२.१६८.२०, बेळगावला १९२.१६८.१०. राउटर ब्रॉडकास्ट पलीकडं जाऊ देत नाही, द्यायलाही नको. खानापुरातली हाक खानापुरातच विरली. शनिवारी आपण काही बिघडवलं नव्हतं, जे कधी नीट बसवलंच नव्हतं ते उघडं पडलं एवढंच.

मग नीट बसवूया म्हणून हेड ऑफिसातल्या छोट्या लिनक्स मशीनवर, नंबर १९२.१६८.१०.२, डीएनएसमास्क हा छोटा डीएनएस प्रोग्राम टाकला. नावाच्या शेवटी काय लावायचं यावर ऑफिसात थोडी चर्चा झाली. एकानं लोकल सुचवलं, सगळीकडं तेच असतं म्हणून. ते नको म्हटलं, कारण लोकल हे शेपूट गल्लीतल्या गल्लीत नाव शोधणाऱ्या मल्टिकास्ट डीएनएससाठी राखलेलं आहे, २०१३ च्या आरएफसी ६७६२ या इंटरनेटच्या नियमपत्रात तसं स्पष्ट लिहिलंय, आयफोन-मॅक आणि बरीच लिनक्स मशीनं ते नाव दिसलं की डीएनएसला न विचारता परत गल्लीतच हाक मारतात, म्हणजे फिरून तीच अडचण. २०२४ मध्ये इंटरनेटवरची नावं सांभाळणाऱ्या आयकॅन या संस्थेनं इंटर्नल हे शेपूट खाजगी नेटवर्कसाठी राखून ठेवलं, बाहेरच्या जगात ते कधी वाटलं जाणार नाही, म्हणून आपलं पूर्ण नाव ठरलं मुख्य.सोसायटी.इंटर्नल. हेड ऑफिसात लगेच चाललं.

९ जुलै, बुधवार

मोटारसायकलनं खानापूर. पावसाचा जोर इतका की देसूरच्या पुढं दोनदा थांबायला लागलं, मलप्रभा दोन्ही काठ भरून चाललीय. पोचेपर्यंत अकरा वाजले.

शाखेच्या राउटरवर डीएचसीपीत, म्हणजे मशीनांना आपोआप सेटिंग वाटणाऱ्या भागात, डीएनएस म्हणून १९२.१६८.१०.२ घातला, एक मशीन रीस्टार्ट केलं, एनएसलुकअप. रिक्वेस्ट टाइम्ड आउट. परत, टाइम्ड आउट. पण त्याच १०.२ ला पिंग केलं तर व्यवस्थित उत्तर. हेड ऑफिसच्या फायरवॉलवर डीएनएसची दोन्ही दारं, यूडीपी ५३ आणि टीसीपी ५३, उघडी, तरी पुन्हा तपासली. लिनक्स मशीनवरची स्वतःची फायरवॉल तर बंदच होती.

मग शेवटी जे पहिल्यांदाच करायला हवं ते केलं, लिनक्सवर टीसीपीडंप, म्हणजे येणारं-जाणारं सगळं दाखवणारा प्रोग्राम, लावून बसलो आणि मॅडमना म्हटलं आता नाव घाला. स्क्रीनवर ओळ आली, २०.१४ कडून प्रश्न, मुख्य.सोसायटी.इंटर्नल कुठं आहे. दोन सेकंदांनी तोच प्रश्न परत. आणि परत. उत्तराची ओळ एकही नाही. प्रश्न दारापर्यंत येतोय आणि आतून कोण बोलेना! इथं कळलं की रस्त्यात शोधण्यात अर्थ नाही, जे आहे ते डीएनएसमास्कमध्येच.

लॉग चाळला तर काही नाही. सर्व्हिस रीस्टार्ट करून परत प्रश्न पाठवला आणि मग एकच ओळ दिसली, स्थानिक नसलेल्या नेटवर्ककडून आलेला प्रश्न दुर्लक्षित. ही ओळ तो एकदाच लिहितो, नंतर गप्प, म्हणून आधी सापडली नव्हती. कारण असं आहे : पॅकेजबरोबर लोकल-सर्व्हिस नावाची सेटिंग आपोआप चालू येते, तिच्यामुळं मशीन ज्या नेटवर्कात स्वतः बसलंय फक्त तिथल्या प्रश्नांना उत्तर देतं. हेतू चांगलाय, उघड्या इंटरनेटवर कुणाचं मशीन चुकून सगळ्या जगाचं डीएनएस होऊ नये. पण आपलं व्हीपीएन राउटरवर संपतं, डीएनएस वेगळ्या मशीनवर, त्यामुळं त्या मशीनच्या हिशोबानं खानापूर परकंच. कॉन्फिगमध्ये कोणत्या इंटरफेसवर ऐकायचं ते स्पष्ट लिहिलं की ही सेटिंग आपोआप गळते. तेवढी एक ओळ टाकली, आणि परक्यांचं काम फायरवॉलकडं दिलं, ५३ नंबरला आपली चारच नेटवर्क येऊ शकतील अशी.

साडेतीनला पहिलं उत्तर आलं. शिपाईमामांनी चहा आणून ठेवला होता तो गार झालेला, तसाच प्यालो, बरं वाटलं.

१० जुलै, गुरुवार

बेळगावात दुपारी पाऊण तास लाईट नव्हती. सर्व्हरला यूपीएस आहे, छोट्या लिनक्स मशीनला नाही, ते बंद. आणि खानापूरहून फोन, सर नेटच गेलंय सगळं. नेट गेलं नव्हतं. शाखेतल्या प्रत्येक मशीनला आपण एकच डीएनएस दिलेला, तो बेळगावात आणि तो बंद, म्हणून बँकेची साईट उघडेना, मेल उघडेना, सगळंच ठप्प. हा दोष माझ्या कालच्या मांडणीचा. शाखेचा इंटरनेट हेड ऑफिसच्या विजेवर टांगणं चूक आहे, हे शनिवारी बदलायचं. यूपीएसची मागणी आजच लिहून दिली.

११ जुलै, शुक्रवार

पाचपैकी दोन मशीनवर नाव अजून अधूनमधून चुकतंय. आयपीकॉन्फिग ऑल ही नेटवर्क सेटिंग दाखवणारी कमांड चालवून स्क्रीनचे फोटो मागवले. तीन मशीनवर डीएनएसचा एकच नंबर, या दोनवर वर आणखी एक लांबलचक कोलनवाला पत्ता. आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा पत्ता. नेट देणाऱ्याच्या डब्यातून तो राउटरमार्फत पुढं जाहीर होतोय, विंडोज तो आधी विचारतं, आणि बाहेरच्या डीएनएसला आपलं इंटर्नल काय माहीत असणार, तो सांगतो असं नावच नाही. बाकीच्या तीन मशीनवर पूर्वी कुणीतरी आयपीव्ही६ ची टिक काढून ठेवलेली म्हणून ती वाचली. इथंही टिक काढायला मन झालं नाही, तो एकेका मशीनपुरता उपाय झाला. राउटरवरूनच बाहेरचा डीएनएस जाहीर करणं बंद केलं, मशीनं रीस्टार्ट करून घेतली, लांब पत्ता गेला.

१२ जुलै, दुसरा शनिवार

शाखा बंद, त्यामुळं निवांत. किल्ली मॅनेजर साहेबांनी स्वतः येऊन उघडून दिली.

नवीन मांडणी अशी : शाखेतली सगळी मशीनं फक्त शाखेच्या राउटरला विचारणार. राउटर सोसायटी.इंटर्नलनं संपणारं नाव असेल तरच प्रश्न व्हीपीएनमधून बेळगावला पाठवणार, बाकी सगळं थेट बाहेर. बेळगाव अंधारात गेलं तरी खानापूरचं नेट चालू राहील.

केलं, आणि उत्तर रिकामं! राउटरवरून थेट १०.२ ला विचारलं तर बरोबर, राउटरमार्फत विचारलं तर काहीच नाही. राउटरच्या लॉगमध्ये डीएनएस रिबाइंडचा इशारा. बाहेरून आलेल्या उत्तरात १९२.१६८ सारखा घरातला नंबर असला की राउटर ते उत्तर फेकून देतो, कारण बाहेरची साईट असं उत्तर देऊन ब्राउझरला घरातल्या मशीनकडं वळवू शकते. संरक्षण योग्यच आहे, ते बंद केलं नाही, फक्त सोसायटी.इंटर्नल या एका डोमेनला सूट दिली. मग फ्लश डीएनएस, कारण आधीचं "नाही" हे उत्तरसुद्धा मशीन काही वेळ लक्षात ठेवतं. मग पाचही मशीनवर चाललं. बेळगावला फोन करून लिनक्स मशीन मुद्दाम बंद करायला लावलं, खानापुरात बाहेरच्या साईट्स सुरळीत. परत चालू केलं.

साहेब शेवटपर्यंत बसून होते, जाताना म्हणाले, "नुस्तं मुख्य घातलं की चाललं पायजे बघा, एवढं लांब नाव कोण घालणार ओ." बरोबर आहे त्यांचं. डीएचसीपीत डोमेनचं शेपूट घालून दिलं, आता नुस्तं मुख्य लिहिलं तरी मशीन स्वतः सोसायटी.इंटर्नल जोडून विचारतं.

१४ जुलै, सोमवार

नंदगड. तिथं राउटर नाही, एकच लॅपटॉप, त्याच्यावरच वायरगार्ड. कॉन्फिग फाईलमध्ये डीएनएसच्या ओळीत १०.२ आणि त्यापुढं स्वल्पविराम देऊन सोसायटी.इंटर्नल लिहिलं, त्या ओळीत नंबर नसलेला शब्द आला की तो सर्च डोमेन, म्हणजे नावापुढं आपोआप जोडायचं शेपूट, समजला जातो. पिंगला नाव लगेच आलं. पण ब्राउझरमध्ये पान उघडेना, त्याच मशीनवर, त्याच मिनिटाला. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये सुरक्षित डीएनएस चालू आणि बाहेरची एक सेवा निवडून ठेवलेली, त्यामुळं ब्राउझर विंडोजला न विचारता परस्पर बाहेर विचारत होता. बंद केलं, उघडलं. पंधरा मिनिटांचं काम.

१७ जुलै, गुरुवार

निपाणीची पूर्वतयारी. राउटर बसवायच्या आधी लॅपटॉपवर व्हीपीएन लावून बघितलं. पिंग मुख्य, नंबर बरोबर आला, १०.५, उत्तरं पण आली. शाखेतल्या पोरानं "झालं सर" म्हटलं. माझी नजर वेळेवर गेली, एक मिलिसेकंदापेक्षा कमी. निपाणी ते बेळगाव पंचाहत्तर किलोमीटर, मधे दोन डबे आणि एन्क्रिप्शन, इतक्या लवकर उत्तर येणं शक्यच नाही. जो कोण ओ देतोय तो याच खोलीत आहे. ब्राउझरमध्ये तो नंबर टाकला तर प्रिंटरचं पान उघडलं, शाई किती शिल्लक ते दाखवणारं. निपाणीचं नेटवर्कसुद्धा १९२.१६८.१० च, आणि १०.५ ला प्रिंटर. नाव बरोबर, नंबर बरोबर, पण तो नंबर दोन गावांत.

पिंगला उत्तर आलं म्हणजे जमलं असं मानायचं नाही, कुठून आलं तेही बघायचं, हे त्या पोराला बसवून दाखवलं, त्यानं स्वतः दोन-तीन मशीनवर करून बघितलं. हुशार आहे. निपाणीचं सगळं नेटवर्क १९२.१६८.३० वर नेलं, प्रिंटर, कॅमेरे, हजेरी सगळं बदलायला संध्याकाळ झाली. मग राउटर खानापूरसारखाच बसवला, रिबाइंडची सूट आणि डोमेनचं शेपूट आधीच घालून. पहिल्या फटक्यात चाललं, एकवीस मिलिसेकंद.

१९ जुलै, शनिवार

नावांची यादी पूर्ण केली. इथं एक गोष्ट लिहून ठेवतो. हेड ऑफिसच्या फाईल सर्व्हरचं जुनं नाव बेळगाव, इंग्रजी अक्षरांत जुन्या स्पेलिंगनं. नोव्हेंबर २०१४ मध्ये शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं, त्यानंतर लागलेली माणसं, आपले कन्नड सहकारी तर सगळेच, नवीन स्पेलिंग घालतात, आणि उघडलं नाही की मला फोन. आतापर्यंत मी त्यांना सांगायचो, जुनं स्पेलिंग घाला. आज शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला विचारलं, तुझ्या हाताला कुठलं येतं? तो म्हणाला नवीन. माझ्या हाताला जुनं येतं, घरी आम्ही बेळगावच म्हणतो आणि म्हणत राहणार. मग दोन्ही ठेवली. एकाच रेकॉर्डला दोन्ही नावं, दोन्हींचा नंबर एक. त्यानं त्याच्या स्पेलिंगनं घालून बघितलं, "हौद्री, बंतु" म्हणाला, आलं म्हणून. हे वर्षांपूर्वीच करायला हवं होतं.

२० जुलै, रविवार

नवीन सर्व्हर लावला. जुना १०.५, नवीन १०.८. डेटा हलवायला रात्रीचे साडेअकरा. नावाच्या यादीत एक आकडा बदलला, ५ चा ८ केला, बाकी कुठंही हात लावला नाही. तिन्ही शाखांतलं एकेक मशीन रिमोटवरून बघितलं, मुख्य म्हटलं की १०.८.

२१ जुलै, सोमवार

सकाळी दहा ते पाच एकही फोन नाही. तिन्ही शाखा नवीन सर्व्हरवर चालू होत्या आणि कुणाला कळलंसुद्धा नाही.

साडेपाचला खानापूरहून कॅशियर मॅडम. पिग्मी एजंट बाजारात फिरून आलेत, हातातल्या मशीनमधून दिवसाचं कलेक्शन काढून घ्यायचंय, प्रोग्राम म्हणतोय सर्व्हर मिळत नाही. एजंट तिघं, ओल्या छत्र्या घेऊन काउंटरच्या बाहेर उभे. पिग्मी म्हणजे दुकानदारांचे, भाजीवाल्या बायकांचे रोजचे पन्नास-शंभर रुपये, ते त्याच दिवशी खात्यावर दिसले नाहीत तर उद्या एजंटला प्रत्येक दुकानात उत्तर द्यावं लागतं.

प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये बघितलं तर नावाऐवजी नंबर, १९२.१६८.१०.७. हा नंबर माझ्या कुठल्याच यादीत नाही. दोन मिनिटं काही सुचेना, मग चिठ्ठी आठवली. सात तारखेचा फोटो काढून मोठा करून बघितला, सहावी ओळ, "पि." आणि फिसकटलेल्या शाईत सातची वरची आडवी रेघ. जुन्या सर्व्हरला दोन नंबर होते. दुसरा फक्त पिग्मीच्या डेटासाठी दिलेला, कुठंच नोंद नव्हती, तो नवीन सर्व्हरवर आलाच नाही. सगळ्या ऑफिसात ही माहिती फक्त त्या कागदावर होती, आणि सात तारखेला मी ती ओळ वाचता येत नाही म्हणून सोडून दिलेली. तेव्हाच विचारायला हवं होतं.

नवीन सर्व्हरला १०.९ हा दुसरा नंबर दिला, पिग्मीचा प्रोग्राम त्यावर ऐकायला लावला, यादीत पिग्मी हे नाव घातलं. मॅडमना म्हटलं सेटिंगमधला नंबर पुसा आणि तिथं पिग्मी लिहा. चौकट नाव घेईल का याची शंका होती. घेतलं. सहा वाजून चाळीस मिनिटांनी पहिल्या एजंटचं कलेक्शन चढलं, त्याच्यामागोमाग दुसऱ्या दोघांचं, मॅडमनी पावत्यांची बेरीज वाचून दाखवली, आमच्या इथल्या आकड्याशी जुळली.

निपाणी आणि नंदगडचे एजंट आज उशिरा येणार म्हणाले, तिथल्या प्रोग्राममध्ये लगेच रिमोटवरून पिग्मी घालून ठेवलं. नंदगडचा साडेसातला चढला. निपाणीचा आठ वाजून पाच मिनिटांनी.